वस्त्रगाळ राख

पातळाचं एक टोक तिच्या हातात होतं, एक माझ्या. मधल्या झोळीत पऱ्हाटीची, वाळक्या कपाशीच्या झाडाची राख. दोघांनी मिळून झोळी हळू हलवायची. अर्धवट जळलेल्या काड्या, काळे कण वर राहतात आणि खाली परातीत पिठासारखी राख उतरते. माझा हात जन्मभर सब्बल-फावड्याचा. हळू म्हणजे काय, हे त्याला माहीत नाही.

"अजी, जवारी पाखडून राहिले का?" ती म्हणाली. "राख हाय ते."

"राखच हाय नं. सोनं तं नाई सांडून राहिलं."

राख उडाली. ती शिंकली आणि राखेच्याच हातानं तिनं नाक पुसलं. नाकाच्या शेंड्यापासून गालापर्यंत पांढरा पट्टा ओढला गेला. मी सांगितलं नाही. ती तशीच बोलत राहिली, मला हसू येत राहिलं, आणि मी काहून हसतो हे कळेना म्हणून ती चिडत राहिली. मग उन्हं कलली. "उरलेली उद्या चाळू," असं म्हणून तिनं पातळाला गाठ मारली आणि बोचकं पलंगाखाली सारलं, मातीच्या डोंगराच्या बाजूला.

दोघांनी मिळून केलेलं रोजच्यातलं काम, ते हे शेवटचं.

औंदा पुन्हा तेच दिवस आले आहेत. आमचं घर अकोल्याच्या अगदी कडेला, जिथं शहर संपतं आणि वावरं सुरू होतात. कापूस केव्हाच घरी आला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, बांधावर त्यांचे भारे रचून ठेवलेत. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नळाला हात लावला की पोळतो. कूलरमध्ये बादली ओतली की वाळ्याचा वास येतो आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. गॅस आहे, पण भाकरी बाहेरच्या चुलीवरचीच पाहिजे, ही तिची सवय मी चालू ठेवली आहे. भाकऱ्या मात्र माझ्या. कुठं जाड, कुठं भोक. पोटात गेल्या की सारख्याच.

भाकरी होते. नंतर चुलीतली राख काढायची वेळ येते, आणि माझा हात मागं येतो. वर्ष होत आलं, पण राख बोटाला लागली की मला लाज वाटते. अंगावर कपडे नसल्यासारखी. आणि परवा निशाचा फोन आला.

"बाबा, औंदा अजून एक डोंगर करू का? माहे दोस्त इचारून राहिले."

"पाहू," मी म्हटलं.

"पाहू म्हंजे?"

"पाहू म्हंजे पाहू."

निशा आमची एकुलती एक पोरगी. अमरावतीला एका हापिसात नोकरी करते, तिथंच खोली करून राहते. लग्न केलं नाही. करणार नाही असंही म्हणत नाही. रविवारी तिच्या खोलीवर चार-पाच दोस्त जमतात आणि एक खेळ खेळतात. तो समजायला मला अर्धा उन्हाळा लागला, म्हणून सोप्यात सांगतो. निशा गोष्ट सांगते आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी शिपाई, कोणी चोर, कोणी मंतर-तंतर जाणणारी बाई. निशा म्हणते, तुम्ही एका दरीच्या तोंडाशी आलात, पलीकडून धूर येऊन राहिला, आता काय करता? ते सांगतात. जमलं का फसलं, हे पुष्कळ बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. गोष्ट एका रविवारी संपत नाही, वर्षंच्या वर्षं चालते. मधल्या टेबलावर तो मुलूख मांडलेला असतो. नदी, रान, किल्ले. खरा कुठंच नाही. निशाच्या डोक्यातला.

"अन् जिंकते कोन?" मी विचारलं होतं.

"कोनी नाई जिंकत, बाबा."

"मंग खेळता कायले?"

भाकरी थापता थापता निशाच्या आईनंच उत्तर दिलं, "तुमी रोज पारावर जाऊन बसता, थे कोन जिंकते?"

ते मला पटलं. पण मनातून मला त्या खेळाची लाज वाटायची. पोरगी काय करते म्हणून कोणी विचारलं, की मी 'नोकरी' म्हणायचो आणि दुसऱ्या गोष्टीवर जायचो. माझी मोठी बहीण तर तोंडावर म्हणायची, "नामदेवा, पोरीचं लग्नाचं वय खेळन्यात गेलं." मी मान हलवायचो. तेव्हाही गप, पुढंही गप. गप बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

गेल्या वर्षी चैत्रात निशा चार दिवस आली, ती कागदाची गुंडाळी घेऊन. तिच्या मुलखाच्या दक्षिणेला तिला आगीचे डोंगर पाहिजे होते. ज्वालामुखी. तिनं ते काढले होते, लाल-काळा रंगही दिला होता. पण टेबलावर कागद पसरला की डोंगर झोपलेलाच. उभा काही राहीना. तिच्या आईनं कागद इकडून तिकडून फिरवून पाहिला.

"यावर चढाचं कुठून?"

"चढाचं नसते, माय. आग हाय ते."

"मंग तुहे माणसं तिकडं जातेच काहून?"

निशा हसली. "हे बी खरं हाय. वाट पायजे."

पोळ्याला लोक मातीचे बैल विकत आणतात. आमच्या घरी ती करायची. वशिंड, शिंगं, गळ्यातली माळसुद्धा मातीची. ती मला म्हणाली, "जा, वावरातून माती आना. बैल होते तं डोंगर काहून नाई होनार?"

पहिला डोंगर जवारीच्या राशीसारखा झाला. त्याचं तोंड मी केलं. मी विहिरी खांदणारा माणूस, गोल कसं घ्यायचं ते मला कोणी शिकवायला नको. झकास गोल तोंड घेतलं, वर छोटा कठडा बांधला, एका बाजूला उभं राहून पाणी शेंदायला जागा ठेवली. निशानं पाहिलं आणि ती पोट धरून खालीच बसली.

"बाबा, ज्वालामुखीले कठडा नसते!"

"अन् लेकरं पडले म्हंजे?"

मायलेकी इतक्या हसल्या, की शेजारची कमला भिंतीवरून डोकावली. माझे कान तापले. तुमच्या पोरखेळात मी नाही, असं म्हणून मी पारावर निघून गेलो. संध्याकाळी आलो तर डोंगर तसाच होता, कठड्यासकट. मला वाटलं होतं मोडला असेल.

"राहू द्या," ही म्हणाली. "एखांद्या डोंगराले असते."

निशानं तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणे आपल्या वऱ्हाडात पायाखाली सगळं ज्वालामुखीचंच आहे. फार जुन्या काळी जमीन फाटली, वितळलेला दगड वाहत आला, थरावर थर बसले आणि थंड झाले. तोच आपला काळा दगड. तो झिजला, त्याचीच ही काळी माती.

"मी पोट्टा होतो तवापासून विहिरी खांदल्या," मी म्हटलं. "आंधी काळी, मंग मुरूम, मंग दगड. पानी लागते, नाई तं नाई लागत. आग मले कधी लागली नाई."

"बाबा, थो दगडच आग होता."

सब्बल काळ्या दगडावर बसली की ठिणगी उडते आणि जळक्यासारखा वास येतो. तो वास जन्मभर माझ्या नाकात होता. कशाचा, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. ज्या आगीवर उभं राहून मी पाणी शोधलं, तिच्याकडे मी एकदाही आग म्हणून पाहिलं नव्हतं.

निशा परत गेली आणि आम्ही दोघं त्या नादाला लागलो. बायका गच्चीवर कुरडया-पापड घालत होत्या, आमच्या गच्चीवर डोंगर वाळत होते. काळ्या मातीला उन्हात भेगा पडतात, एरवी ती तक्रारीचीच गोष्ट. इथं त्याच पाहिजे होत्या. ही ओल्या मातीचा थर जाड-पातळ द्यायची आणि भर उन्हात ठेवायची. दुपारपर्यंत डोंगर आपोआप तडकायचा. त्या भेगांत आग भरायची. आगीसाठी आधी तिनं गुळाचा पाक केला, त्यात गेरू घातला. चमक अशी आली, की मलाही खरंच चटका बसेल असं वाटलं. सकाळी पाहतो तर डोंगरावर मुंगळ्यांची रांग. निशाला फोन केला तर ती म्हणे, "राहू द्या, माह्या मुलखातले राक्षस हायेत ते." पण राक्षसांनी दोन दिवसांत आग खाऊन टाकली. मग बाभळीचा डिंक आणला, त्यात गेरू खलला, ते टिकलं. धुरासाठी जुन्या उशीतला कापूस पिंजून लावला. राहिली राख. पहिल्या डोंगरावर ती तशीच फेकली होती, तर उकिरडा दिसला. म्हणून दुसऱ्या, मोठ्या डोंगराच्या वेळी हिनं ठरवलं, राख वस्त्रगाळ करायची.

हे सगळं चोरून. चोरून मी करायचो, ती नाही. कोणी दारात आलं की मी डोंगरावर चादर टाकायचो. एकदा कमला थेट गच्चीवर आली.

"काय वाळू घातलं, निशाच्या माय?"

हिनं तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "मुलतानी माती हाय. केसाले."

कमला गेल्यावर ही माझ्या डोक्याकडे पाहत राहिली. तिथं केस नाहीत. "तुमच्या कोनत्या केसाले?" एवढंच म्हणाली आणि दिवसभर आठवून आठवून हसत होती. दुसऱ्या दिवशी कमला वाटी घेऊन आली, मलेबी थोडी द्या म्हणून. हिनं आमच्या वावरातली काळी माती चाळून वाटीभर दिली. आठवड्यानं कमला सांगत होती, केस लई मऊ झाले.

ती हसायची, कारण तिला लपवायचं काही नव्हतं. मला वाटायचं, लोक काय म्हणतील. बुढा-बुढी मातीत खेळतात. पण चादर टाकायला पळणाऱ्या माझ्यात आणि पहाटे उठून भेगा किती पडल्या पाहायला गच्चीवर जाणाऱ्या माझ्यात माणूस एकच होता. आवड माझीही तेवढीच. लाज तेवढी माझ्या एकट्याची.

तो कठड्याचा डोंगर आम्ही यष्टीनं अमरावतीला नेला. परात माझ्या मांडीवर, वरून हिचं हिरवं पातळ. कंडक्टर म्हणाला, "बुढेबाबा, वर ठेवा थे."

"वर ठेवलं तं फुटते," ही म्हणाली.

पुढच्या बाकावरची एक बाई वळून पाहत होती. कडेवर लेकरू. मूर्तिजापूर गेलं तशी तिला राहवेना. "कोनती देवी हाय वं माय?"

"आगीची हाय," हिनं सरळ सांगून टाकलं.

त्या बाईनं हात जोडले, लेकराचं डोकं परातीला टेकवलं आणि आपल्या केसांतला मोगऱ्याचा गजरा काढून हिरव्या पातळावर ठेवला. देवी माझ्या मांडीवर. मी बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होतो. उतरल्यावर हिच्यावर खेकसलो, "खोटं काहून बोलली?"

"काय खोटं बोलली? आगीचीच तं हाय."

तो गजरा तिनं डोंगराच्या पायथ्याशी ठेवला. निशाच्या दोस्तांना वाटलं, तो खेळाचाच भाग आहे.

त्या रविवारी आम्ही खेळ पाहिला. आम्हाला पलंगावर बसवलं, हातात सरबत दिलं. चांगली शिकली-सवरलेली पोरं, हिला काकू म्हणत होती. एकाचा शिपाई आगीच्या ओढ्यावरून उडी मारतो म्हणाला, तशी ही ओरडली, "अरे बाप्पा, पायात चप्पल तरी घाल!" सगळे हसले. मला वाटलं आता हिनं गप बसावं. मी तिच्या कोपराला हात लावला. पण त्यातली एक पोरगी म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा, या डोंगराखाली कोण राहतं?"

हिनं परातीतल्या डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक बुढी राहते."

"काय करते ती?"

"डोंगर रोज राख टाकते, थे रोज आंगन झाडते. काय करीन दुसरं?"

"कंटाळत नाही?"

"कंटाळून कोनाले सांगीन? डोंगराले?"

निशानं ते मान्य केलं. त्या दिवसापासून तिच्या मुलखात डोंगराखाली एक बुढी राहते. वाट चुकलेला कोणीही तिच्या अंगणात येतो, पाणी पितो, रस्ता विचारतो. मी त्या वेळी खाली फरशीकडे पाहत होतो. शिकलेल्या पोरांसमोर ही असं काय बोलते, म्हणून. तिचं तोंड कसं दिसत होतं ते मी पाहिलं नाही. आता पाहावंसं वाटतं.

परतताना हिनं मोठ्या डोंगराचं सगळं ठरवून टाकलं. वाट कुठून, अंगण कुठं, अंगणात अंगठ्याएवढा बैल. "तिथं बैल कुठून येईन?" मी म्हटलं. "बुढीचा हाय," ती म्हणाली. मोठ्या डोंगराला महिना गेला. भेगा झाल्या, आग झाली, वाट झाली. फक्त राख पसरायची राहिली. अर्धी चाळली, अर्धी उद्या.

त्या संध्याकाळी तोंड धुवायला म्हणून ती न्हाणीकडे निघाली आणि उंबरठ्यावर बसली. छातीत कळ आली म्हणाली. आटो आणला, तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखाना यायच्या आधीच ती गेली. वाटेत "चूल इझवली का?" एवढं विचारलं.

घरी आणल्यावर बायका तिला आंघोळ घालत होत्या. मी आडोशाबाहेर बसलो होतो. माझ्या बहिणीचा आवाज आला, "हिच्या नाकाले काय वं पांढरं?" कोणीतरी म्हणालं, "चुलीची राख असंन." मग पाणी ओतल्याचा आवाज.

ती आटोतून तसाच पट्टा घेऊन गेली होती. दवाखान्यातल्या माणसांनी तिला तशीच पाहिली. मी दुपारीच सांगितलं असतं, तर तिनं मला दोन शब्द सुनावून तोंड पुसलं असतं. मजा पाहत बसलो.

अग्नी निशानं दिला. त्यावर भावकीत कुजबुज झाली, ती झाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही माणसं राख सावडायला गेलो. भाच्यानं पाण्याची घागर उचलली. पाणी पडायच्या आधी मी खाली वाकलो आणि कडेची चिमूटभर राख उचलली. काहून उचलली, सांगता येत नाही. सगळेच उचलतात, कपाळाला लावतात. पण माझी बोटं ती चोळायला लागली. अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट, दोन्हींच्या मधे, जशी तिच्यासोबत चाळताना चोळत होतो तशी. खरखर लागते का, कण लागतो का. आणि डोक्यात साफ शब्दांत आलं: लई बारीक हाय. हिले चाळाचं काम नाई. डोंगराच्या तोंडाजवळ चालते.

त्याच्या मागोमाग आलं, घरी गेल्यावर हिला सांगू.

मग मला कळलं मी कुठं उभा आहे. मूठ आवळली गेली ती उघडेना. भाचा जवळ आला, "मामा, सोडा. सोडा आता." त्याला हुंदका आला. बाकीचेही रडायला लागले. ते अजून सांगतात. नामदेवचा बायकोवर असा जीव, की राख हातातून सोडत नव्हता. चार ठिकाणी ही गोष्ट माझ्या समोर झाली आहे आणि मी मान खाली घालून ऐकली आहे. त्यांना वाटतं दुःखानं. बायको जळाली त्या जागी उभा राहून मी खेळाच्या डोंगराचा विचार करत होतो, हे कोणत्या तोंडानं सांगू?

कधी वाटतं, तिला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती. रागावली असती का हसली असती. बहुतेक हसली असती. पण हे मी माझ्या सोयीनं धरतो, तेही मला कळतं.

त्याच संध्याकाळी बहीण घर झाडत होती. मयताचं घर, सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, सारवायचं. तिनं पलंगाखाली झाडू घातला तो मोठ्या डोंगराच्या परातीला लागला. परात ओढून बाहेर काढली. घर भरून माणसं बसली होती. निशा कोपऱ्यात, गुडघ्यात डोकं घालून.

"हे काय वं बाई?" बहीण म्हणाली. "घरात मयत अन् पलंगाखाली मातीचं ढिगार? कोनाचं हाय हे?"

निशानं डोकं वर केलं. ती माझ्याकडे पाहत होती.

सगळेच पाहत होते. माझे कान तापले, त्या कठड्याच्या दिवशी तापले होते तसे. मी म्हटलं, "शेजारच्या लेकराचं असंन, ताई. खेळन्याचं."

"मंग सकाळी उकिरड्यावर टाकून देतो," असं म्हणून तिनं परात अंगणात मोरीजवळ सारली. निशानं डोकं पुन्हा गुडघ्यात घातलं. तिनं मला एक शब्द विचारला नाही. आजपर्यंत विचारला नाही.

परवा फोन ठेवायच्या आधी मीच तिला विचारलं, "निशे, थे बुढी हाय का अजून? डोंगराखालची?"

"हाय नं. काहून?"

"मले वाटलं, काढून टाकली असंन."

"कोन काढते तिले," ती म्हणाली. "मागच्याच रविवारी सगळे तिच्या आंगनात पानी पिऊन गेले. बाबा, करता का डोंगर?"

करू. आता हे लिहिता लिहिता वाटतं, करू. लाज जाणार नाही. ती राख आणि ही राख माझ्या बोटांना आता वेगळी कळत नाही, आणि त्याचं काय करावं तेही मला कळत नाही. पण एकदा जमलं होतं. सावडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

सकाळी अंगणात माणसं चहा घेत बसली होती. घरची चूल थंड, चहा कमलाकडून आलेला. बहीण उकिरड्यावर जायला पदर खोचत होती. मी पलंगाखालून बोचकं काढलं. मोरीजवळची परात उचलली आणि अंगणाच्या मधोमध आणून ठेवली. एका बाजूचा थोडा टवका निघाला होता, पण वाट शाबूत होती, बैलही उभा होता.

"नामदेवा, काय करून राहिला? लोक पाहून राहिले."

"पाहू दे," मी म्हटलं.  "लेकराचं नाई हे, ताई. निशाच्या मायनं केलं. म्याबी केलं. निशाच्या खेळातला डोंगर हाय. राख टाकाची राहिली."

 कमला परातीकडे आणि माझ्या टकलाकडे आळीपाळीनं पाहत होती. मी पातळाची गाठ सोडली. एक टोक धरलं. दुसरं धरायला माणूस पाहिजे, एकट्याचं काम नाही ते. मी बहिणीपुढं टोक केलं. तिनं हात मागं घेतले. माझा हात तसाच हवेत राहिला. वाटलं, जमीन फाटली तर बरं.

मग निशा अंगणाच्या कोपऱ्यातून उठली, आली आणि तिनं टोक धरलं.

आम्ही हलवायला लागलो. माझा हात जोरातच चालला. राख उडाली, बहिणीनं आपला कप पदराखाली घेतला आणि "चहात पडते नं ते" म्हणून बडबडली, पण उठून गेली नाही. खाली डोंगराच्या उतारावर राख बसत होती, वाटेवर, अंगणावर, बैलाच्या पाठीवर. निशा शिंकली. राखेच्याच हातानं तिनं नाक पुसलं आणि शेंड्यापासून गालापर्यंत पांढरा पट्टा ओढला गेला.

मी झोळी थांबवली.

"निशे," मी म्हटलं, "नाकाले राख लागली. पूस."